शेषेरावांनी ओढलेला पडदा

आमच्या मंडळात शेषेरावांना कुणी नट म्हणत नाही आणि तंत्रज्ञही म्हणत नाही. पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात खाली, 'विशेष साहाय्य' या सदरात येतं, आणि तेही बहुतेक वेळा 'शेषराव' असं छापून. काम एकच. पडदा. तिसरी घंटा झाली, निवेदकानं नाटकाचं नाव घेतलं की दोरी ओढायची. नाटक संपलं की परत ओढायची. मधला सगळा वेळ विंगेत मुकाट उभं राहायचं. ज्याला हे सोपं वाटतं त्यानं एकदा ती दोरी हातात धरून पाहावी. उघडताना पडदा अडकला तर लोक हसतात, आणि मिटताना अडकला तर मेलेल्या नटाला उठून बसावं लागतं. आमच्याकडे असा एक नट उठून बसलेला आहे, पण ती गोष्ट वेगळी.

शेषेराव मूळचे लोह्याकडचे. गावाकडं भावाबरोबर शेती, आणि पोरांच्या शिक्षणासाठी नांदेडात भाड्याचं घर. सकाळी मोटरसायकलवर शेताकडं जायचं, दिवसभर तिथं राबायचं, आणि संध्याकाळी अंगावरची धूळ झटकून तालमीला हजर. चहा आणायला कुणी सांगितलं तर आणतात, नाही सांगितलं तरी आणतात. मी पोस्टातून सुटून तालमीला पोचते तेव्हा त्यांनी सतरंजी अंथरून ठेवलेली असते. मी संगीताला बसते, त्यांच्या समोरच्या विंगेत. त्यामुळे नाटक चालू असताना मला रंगमंचावरचं कमी आणि पलीकडचे शेषेरावच जास्त दिसतात. सगळं नाटक त्यांच्या तोंडावर चाललेलं असतं.

आमची तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये होते. तिथं ना रंगमंच, ना पडदा. आमचे दिग्दर्शक दयानंद सर स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवून तीन घंटा देतात. तिसऱ्या टणत्काराला शेषेराव मनगटावरच्या घड्याळात बघतात, लगेच दोन्ही हातांनी हवेतली दोरी ओढतात आणि मोठ्यानं म्हणतात, "पडदा उघडला." नवी पोरं हसायची. शेषेराव हसत नसत. वेळ सांभाळणं हेही त्यांच्याचकडं होतं. एकांकिकेला पंचेचाळीस मिनिटं. त्यापुढे एक क्षण गेला की नाटक स्पर्धेतून बाद. मग तुम्ही कितीही रडवा नाहीतर हसवा.

आणि आदल्या वर्षी आम्ही असेच बाद झालो होतो. शेवटचा प्रसंग इतका रंगला होता की शेषेराव दोरी हातात धरून रडत उभे राहिले आणि पडदा उशिरा पडला. दयानंद सर जिभेला हाड नसलेला माणूस. सगळ्यांसमोर म्हणाले, "शेषेराव, तुम्हाला पडदा ओढायला ठेवलंय का रडायला?" त्यानंतर वर्षभर कुठल्याही बोलण्यात स्पर्धेचा विषय निघाला की शेषेराव उठून बाहेर जायचे.

या वर्षीचं नाटक सरांनीच लिहिलेलं, 'सुपातले खडे'. तीन भाऊ घराची वाटणी करायला बसलेत आणि म्हाताऱ्या आईला कुणी ठेवायचं यावर त्यांचं भांडण लागलंय. आई मधोमध बसून सुपात तुरीची डाळ निवडते. सगळं नाटकभर ती एक अक्षर बोलत नाही. भांडून भांडून तिघं थकले की ती सूप खाली ठेवते, पदराला हात पुसते आणि बोलते. ते भाषण म्हणजेच नाटक. बाकीचं सगळं त्या भाषणापर्यंत पोचायचा रस्ता.

आईचं काम गौरम्मांकडं होतं. आम्ही त्यांना गौराक्का म्हणतो. माहेर उदगीरकडचं, सासर नांदेडातच. नवरा संगप्पा, किराणा दुकानदार. दुकान पुढं, घर मागं. दयानंद सरांनी त्यांना महिला मंडळाच्या एका कार्यक्रमात चार वाक्यं बोलताना पाहिलं आणि दुकानात जाऊन संगप्पांची परवानगी मागितली. संगप्पा वाईट माणूस नव्हे. कपाळावर विभूती, वजनात कधी काटा मारणार नाही, उधारीसाठी कुणाच्या दारात जाणार नाही. पण दुकान आणि घर यापलीकडं माणसाला, त्यातून बाईमाणसाला, काय काम असतं हे त्यांना कधी कळलं नाही. "नाटकात हिचं काय काम?" एवढंच त्यांनी विचारलं. गौराक्का आतून म्हणाल्या, "शेवटी मी बोलते. ऐकायला या एकदा." संगप्पांनी हो म्हटलं, आणि आम्हाला सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं.

तालमीत त्या भाषणाला आम्ही हातातलं काम सोडून ऐकत असू. बाई घरात जन्मभर गप्प बसलेली असावी आणि एकदाच तोंड उघडावं, तसं ते यायचं. शेषेराव तर रोज ते ऐकताना ओठ हलवायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "दादा, गौराक्का आजारी पडल्या तर तुम्ही लुगडं नेसून बसा." ते लाजले. म्हणाले, "मपली आई अशीच होती, सिंधुताई. तिनं काहीच बोललं न्हाई कधी."

नांदेडची प्राथमिक फेरी. आमचा नंबर दुपारचा होता. संगप्पा बाजाराचा दिवस असूनही दुकान बंद करून आले होते, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, तिसऱ्या रांगेत एकटे. गौराक्कांनी पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. मग आपल्या जागी सूप घेऊन बसल्या.

तिसरी घंटा झाली. शेषेरावांनी घड्याळ पाहिलं. आणि तेवढ्यात निवेदकाला आठवलं की कुणी एक पाहुणे येऊन बसलेत आणि त्यांचा सत्कार राहिला आहे. पडद्यापुढं शाल आली, नारळ आला, हार आणायला पोरगं पळालं, हार येईपर्यंत निवेदकानं पाहुण्यांचं चरित्र सांगितलं, पाहुण्यांनी दोन शब्द म्हणून बरेच शब्द बोलून घेतले. आमचे तिन्ही भाऊ पडद्यामागं भांडणाच्या पवित्र्यात उभे राहून अवघडून गेले. मग कुठं नाटकाचं नाव झालं आणि पडदा उघडला. स्पर्धेचा वेळ मोजतात तो पडदा उघडल्यापासून. हे शेषेरावांना माहीत नव्हतं असं नाही. पण महिनोन्महिने त्या स्टीलच्या ग्लासावर, तिसऱ्या घंटेला, त्यांचं घड्याळ सुरू होत आलं होतं. आमच्या हॉलमध्ये घंटा आणि पडदा यांच्यामध्ये सत्कार नसतो. त्या दिवशीही ते घंटेपासूनच मोजत होते.

त्यात मधला भाऊ करणाऱ्या रविकांतला लोकांनी हसून दाद दिली आणि गडी पाघळला. प्रत्येक हशाला थांबायचा, मिशीवरून हात फिरवायचा, मग पुढं. मला समोरच्या विंगेत शेषेरावांचा जीव खालीवर होताना दिसत होता. ते घड्याळ बघत, रविकांतकडं बघत, पुन्हा घड्याळ बघत. शेवटी भांडण संपलं. तिघे भाऊ तीन दिशांना तोंडं करून बसले. गौराक्कांनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. मान वर करून त्यांनी समोर, तिसऱ्या रांगेकडं पाहिलं, आणि बोलायला ओठ उघडले.

शेषेरावांनी दोरी ओढली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्याआड गौराक्का तोंड तसंच अर्धवट उघडं ठेवून बसल्या होत्या. दयानंद सर प्रेक्षकांतून धावत आत आले, रागानं लाल. शेषेराव म्हणाले, "टाइम झाला होता, सर. एक शब्द बोलल्या असत्या तर आपण बाद." सर थांबले. मागच्या वर्षीचं त्यांनाही आठवलं. त्यांनी शेषेरावांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वाचवलंत."

मग गौराक्काही आल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या म्हणाल्या, "बरं केलंत दादा. माझ्यापायी नाटक बाद झालं असतं तर पोरांना तोंड कसं दाखवलं असतं." शेषेराव त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी आम्हाला सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली.

बाहेर संगप्पा स्कूटरजवळ उभे होते. मी गौराक्कांबरोबर होते म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी विचारलं, "तू बोलणार होतीस ना?" गौराक्का म्हणाल्या, "टाइम संपला म्हणून पडदा टाकला." संगप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "असं व्हय," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली.

संध्याकाळी निकाल लागला. आम्ही पहिले. परीक्षक बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की, आई शेवटी बोलणार असं वाटत असताना तिला न बोलू देता पडदा टाकणं ही या नाटकाची सगळ्यात धाडसी जागा. हल्लीचे दिग्दर्शक शेवटी भाषण ठोकतात, इथं मौनानं काम केलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि परीक्षकांनी कावळ्याला बक्षीस दिलं. दयानंद सर आधी चमकले, मग मान डोलावू लागले, आणि रात्री जेवताना तर ते सांगत होते की हा शेवट त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होताच. मी भाताचा मोठा घास तोंडात कोंबला, नाहीतर तिथंच भांडण झालं असतं.

निकालानंतरच्या गर्दीत स्पर्धेचा वेळ मोजणारे वेळाधिकारी चहा पीत उभे होते. शेषेरावांनी त्यांना मोठ्या अभिमानानं विचारलं, "काय साहेब, या साली आलो का न्हाई टायमात?" ते म्हणाले, "आलात की. चांगली चार मिनिटं हातात ठेवून संपवलंत तुम्ही. बाकीच्यांनी शिकावं." शेषेरावांना आधी वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. मग त्यांना शाल आठवली, नारळ आठवला, पाहुण्यांचे दोन शब्द आठवले. गौराक्कांचं भाषण जेमतेम दोन मिनिटांचं होतं. होऊन वर वेळ उरला असता.

हे सगळं त्यांनी मला पुढं सांगितलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की जिलेबीचा पुडा हातात घेऊन शेषेराव भिंतीकडं तोंड करून उभे आहेत.

पुढच्या तालमीत सरांनी भाषण काढून टाकलं. "अक्का, तुमचं मौनच बोलतं," म्हणाले. हे वाक्य ज्यांना बोलायला कायम मिळतं त्यांनाच सुचतं. गौराक्का "बरं" म्हणाल्या. लातूरच्या अंतिम फेरीपर्यंत त्या रोज येत, सूप घेऊन बसत, सूप खाली ठेवत, मान वर करत, आणि शेषेराव हवेतली दोरी ओढत. "पडदा पडला" हे त्यांचं म्हणणं आता जवळ बसलेल्यालाही ऐकू येत नसे.

आणि त्यांनी एक नवाच उद्योग सुरू केला. रोज शेतातून येताना गौराक्कांसाठी काहीतरी आणायचं. कधी हरभऱ्याच्या डहाळ्या, कधी मेथी, कधी वांगी, एकदा तर आख्खी उसाची मोळी. किराणा दुकानदाराच्या घरी भाजीचा ढीग लागला. पोरं मागून कुजबुजायला लागली, रविकांतनं तर एकदा उघडच थट्टा केली. शेषेरावांनी मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या चोराच्या मनात नुसता अंधार होता, आणि तो भाजी वाटत सुटला होता. गौराक्का दर वेळी म्हणायच्या, "कशाला दादा एवढं?" आणि दर वेळी त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. गालात मारली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

लातूरला आम्ही एका टेम्पो ट्रॅव्हलरनं निघालो. लोहा मागं गेलं, शेषेराव खिडकीतून स्वतःच्या गावाच्या फाट्याकडंही पाहीनात. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिंधुताई, एक कसूर झालाय माझ्याकडून," आणि सगळं सांगितलं. घंटा, सत्कार, चार मिनिटं. ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "इतके दिवस झाले! तिला सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? ती तर आभार मानून राहिली. सर म्हणून राहिले शेषेरावनं वाचवलं. मपली आयुष्यात कुणी पहिल्यांदा पाठ थोपटली, आणि ती अशी." ते चहाच्या पेल्यात बघत बोलत होते. "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर नुसती चूक होती. आता ती लबाडी झाली."

"मग आता सांगा."

"आज न्हाई सांगत. आज पडदाच ओढत न्हाई. बोलू द्या तिला. टाइम हाय, मी पडद्यापासून मोजणार. सरांनी मला काढलं तर काढू द्या."

मी दयानंद सरांना काही बोलले नाही. मला तर मनातून वाटत होतं की होऊनच जाऊ दे.

लातूरचं सभागृह भरलेलं होतं. नाटक नांदेडपेक्षा चांगलं रंगलं. रविकांतनं यावेळी मिशीला हात लावला नाही. भांडण संपलं, तिघं तीन दिशांना बसले. गौराक्कांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, मान वर केली. इथं पडदा पडायचा होता. शेषेरावांनी दोरी सोडून दिली आणि दोन्ही हात मागं बांधले.

गौराक्का वाट पाहत होत्या. पडदा येत नाही म्हटल्यावर त्यांनी हळूच मान वळवून विंगेत पाहिलं. शेषेरावांनी हातानं खूण केली, बोला. पुन्हा केली. गौराक्कांनी समोर प्रेक्षकांत पाहिलं. डावीकडून उजवीकडं, एकेका रांगेवरून त्यांची नजर फिरली. त्यांचे ओठ उघडले. मला वाटलं, आता. सभागृहात कुणी खोकत नव्हतं. बराच वेळ असा गेला, आणि मग त्या विंगेकडं न बघता, आम्हा दोघांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "ओढा, दादा."

शेषेरावांनी दोरी ओढली. पडदा सरळ मिटला.

दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेवटच्या लांबलेल्या शांततेचं खास कौतुक केलं. दयानंद सरांनी ते हात जोडून स्वीकारलं, आणि मी दुसरीकडं पाहिलं.

सगळे फोटो काढण्यात गुंतले होते तेव्हा शेषेराव गौराक्कांना शोधत सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर गेले. मी पाठोपाठ गेले, कारण या माणसाचा धीर ऐनवेळी सुटेल अशी मला खात्री होती. सुटला नाही. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी म्हणाले, "टाइम होता, ताई. तुमचं भाषण मी खाल्लं. घाबरून खाल्लं, आणि मग इज्जतीपायी लपवलं."

गौराक्का पायरीवर बसल्या. त्यांच्या केसांना अजून पांढरी पावडर होती. "होऊन टाइम उरला असता?" त्यांनी विचारलं.

"हाव."

त्या बोटातली अंगठी फिरवत म्हणाल्या, "घरी मी खोटी पडलेय, दादा. हे म्हणतात, भाषण बिषण काही नव्हतंच. घराबाहेर पडायला मिळावं म्हणून मी रचून सांगितलं. भांडत नाहीत, रागवत नाहीत. नुसतं हसतात. कुणी पाहुणा आला की सांगतात, आमची नाटकात काम करते, मुकीचं." त्यांनी केसांतली पावडर झटकली. "त्यांनी जन्मात एकदा माझ्यासाठी दुकान बंद केलं होतं."

शेषेराव म्हणाले, "म्हणून तर आज पडदा सोडला, ताई. मग तुम्ही बोलल्या का बरं न्हाई?"

"बोलणारच होते. समोर बघितलं, तर सगळी परकी माणसं. यांना सांगून काय करू? मला ज्यांना ऐकवायचं होतं ते तिथं नांदेडला बसले होते." त्या उठल्या. "माझी माफी मागू नका. मी केलं माफ. त्यांना जाऊन सांगा."

शेषेराव हाव म्हणाले. म्हणणं सोपं होतं.

नांदेडला आल्यावर ते रोज त्या दुकानापुढं जायला लागले. रोज आत शिरायचे, संगप्पांनी "काय देऊ?" म्हटलं की साबण मागायचे आणि साबण घेऊन परत यायचे. साबण झाला, काडेपेट्या झाल्या, चहापत्ती झाली. त्यांच्या बायकोनं एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं की यांच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का, घरात साबणाच्या वड्यांची चळत लागलीय. मला हसूही आलं आणि संतापही. एका बाजूला हा जीव असा जळतोय, आणि दुसऱ्या बाजूला ती बाई रोज स्वतःच्या घरात खोटी ठरतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी पोस्टातून सुटले, शेषेरावांना फोन केला आणि म्हटलं, "दुकानासमोर या. आज साबण मी घेणार, तुम्ही बोलणार."

संध्याकाळची गर्दीची वेळ. चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. संगप्पा काट्यावर साखर जोखत होते. शेषेराव पुढं झाले. "काय देऊ?" संगप्पांनी मान वर न करता विचारलं.

"काय न्हाई. सांगायचंय एक."

त्यांनी सांगितलं. गिऱ्हाइकांसमोरच. खाली आवाजात बोलावं एवढंही त्यांना सुचलं नाही. घंटा, सत्कार, चुकलेला हिशोब, मिळालेली शाबासकी, लपवाछपवी. "तुमच्या मालकीणबाई खऱ्या हायत. खोटा मी हाय," म्हणाले. एक बाई तेलाची बाटली हातात धरून ऐकत राहिली. मला वाटलं होतं संगप्पा चिडतील, निदान शेषेरावांना दोन शब्द सुनावतील. त्यांनी साखरेचा पुडा बांधला, दोरा तोडला आणि विचारलं, "म्हणजे भाषण होतं?"

"होतं."

"काय होतं त्यात?"

शेषेरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय बोलणार? ते माझं नव्हतं. खरं म्हणजे त्यांचंही नव्हतं. पण रोज विंगेत उभं राहून त्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्यांच्या तोंडात तयार होतं. त्यांनी दोन्ही हात जोडले, जणू ते भाषण चोरीचा माल होता आणि ते परत द्यायला आले होते, आणि जमिनीकडं बघत बोलायला लागले.

"झालं का तुमचं? आता माझं ऐका. तुम्ही तिघं बोलत होता तवर... कुणीबी इचारलं न्हाई, आई तुला कुठं ऱ्हायचंय..."

"आधी खडे आहेत, दादा," आतून आवाज आला.

मधल्या दारात गौराक्का उभ्या होत्या. हाताला कणीक लागलेली. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. शेषेराव तिथंच थांबले आणि बाजूला सरकले. गौराक्का पोत्यांच्या मधून पुढं आल्या, पदराला हात पुसले, आणि संगप्पांच्या समोर उभ्या राहिल्या.

"झालं का तुमचं? आता माझं ऐका. तुम्ही तिघं बोलत होता तवर मी या डाळीतले खडे येचले. जन्मभर येचत आले, कुणाच्या दाताखाली येऊ नयेत म्हणून. आई कुणाकडं ऱ्हाईल यावर तुम्ही दिसभर भांडलात. पण आई, तुला कुठं ऱ्हायचंय, हे कुणी इचारलं का?"

आवाज तालमीतला नव्हता. तालमीत त्या मोठ्यानं बोलायच्या, मागच्या रांगेपर्यंत पोचायला. इथं त्या घरात बोलतात तशा बोलत होत्या, आणि मी ते इतक्या वेळा ऐकलेलं असूनही माझ्या अंगावर काटा आला. संगप्पांचे हात काट्यावरच राहिले होते. शेषेराव माझ्या शेजारी मान खाली घालून रडत होते. त्यांचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. त्या दिवशीची तिसरी रांग, ते बंद केलेलं दुकान, ती एकदाच वर झालेली मान, यातलं काही त्यांना परत आणता येणार नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं.

"मी कुणाच्या वाट्याला येणार न्हाई," गौराक्का म्हणाल्या, आणि पुढचं आठवायला नव्हे, नुसता श्वास घ्यायला थांबल्या.

तेवढ्यात तेलाची बाटलीवाली बाई म्हणाली, "अण्णा, माझं तेवढं द्या की."

संगप्पांनी नजर बायकोवरून न काढता तिला हातानं थांबवलं.

"थांबा जरा," ते म्हणाले. "बोलून राहिली ती."